इंजिन-ड्रायव्हरचे गाव

सिडनीच्या सेंट्रल स्थानकावरून सकाळी सुटलेली डब्बोची गाडी तासाभरात निळ्या पर्वतांच्या पायथ्याशी येते आणि तेथून पुढे पुण्या-मुंबईच्या माणसाला उगाचच घरच्यासारखे वाटू लागते. बोगदे, वळणे, खिडकीशी येऊन पुन्हा दूर सरकणारी दरी! मात्र दरीत करवंदीच्या जाळ्यांऐवजी निलगिरीची अफाट राने आहेत. त्या पानांतले तेल हवेत तरंगते म्हणून लांबचे डोंगर निळे दिसतात, असे सांगतात. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडी एका कड्याशी नेऊन उभी करीत, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडीत आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढत. १८६३ पासून १९२९ पर्यंत हा प्रकार चालला. येथे लिथगोजवळ १८६९ मध्ये असाच नागमोडी 'झिगझॅग' बांधला होता. १९१० मध्ये दहा बोगद्यांचा नवा रस्ता झाला तेव्हा तो सुटला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पुतणीकडे सिडनीला गेलो होतो. मला बॅथर्स्ट पाहायचे आहे असे म्हणताच तिने चमकून विचारले, "काका, तिथे मोटारींच्या शर्यती होतात, ते गाव ना? तुम्हांला केव्हापासून शर्यतींचा नाद लागला?" तिचेही खरेच होते. गावाजवळच्या माउंट पॅनोरमावरची शर्यत सगळ्या ऑस्ट्रेलियात गाजलेली आहे. पण मला जायचे होते ते एका घरासाठी. आगगाडीचे इंजिन चालवणारा एक माणूस पुढे देशाचा पंतप्रधान झाला आणि पंतप्रधान झाल्यावरही ज्या घरी परत येत राहिला, ते घर या गावात आहे.

बॅथर्स्ट हे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातले गोऱ्यांचे सर्वांत जुने गाव. १८१५ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने ते वसवले. 'वसवले' हा शब्द अर्थात एका बाजूचा. येथे त्यापूर्वी विराजुरी लोक राहतच होते आणि १८२४ मध्ये मार्शल लॉ पुकारून त्यांच्यावर शस्त्र चालवण्यात आले. घाट उतरून गाडी या पठारावर आली की एकदम मोकळे आभाळ, वाळल्या गवताचे पिवळे माळ आणि लाल विटांची घरे दिसू लागतात. उंची साडेसहाशे मीटर. त्यामुळे मे अखेरीसच थंडी अशी की मी पुण्याहून नेलेला स्वेटर लाजून गप्प बसला.

जोसेफ बेनेडिक्ट चिफ्ली यांचा जन्म येथे २२ सप्टेंबर १८८५ रोजी झाला. वडील लोहार. पाच वर्षांचा असताना बेनला गावाबाहेर लाइमकिल्न्स येथे आजोबांकडे ठेवले. कुडाच्या भिंती, मातीची जमीन आणि भुश्याच्या पोत्यांचे अंथरूण, असे ते बालपण. आजोबा गेल्यावर १८९९ मध्ये तो गावात परतला. थोडे शिक्षण, दुकानातली नोकरी, कातडी कमावण्याच्या कारखान्यातली नोकरी, हे सर्व करून १९०३ मध्ये तो रेल्वेच्या लोकोशेडमध्ये लागला.

शेडमधला पोऱ्या ते ड्रायव्हर ही वाट आपल्याकडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्यांना सांगायला नको. आधी इंजिन पुसायचे. काजळी, तेल आणि राख अंगात मुरली की मग फायरमन व्हायचे. हलत्या फळीवर तोल सांभाळीत भट्टीत कोळसा टाकायचा, आणि तोही असा की आग सगळीकडे सारखी पसरेल, चढ येण्यापूर्वी वाफ तयार असेल आणि उतारावर ती फुकट जाणार नाही. या कामात भाषणबाजीला वाव नाही. वाफ आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न! चिफ्ली दिवसा हे करीत आणि रात्री वर्गांना जात. असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. अर्थशास्त्र, इतिहास, जे मिळेल ते वाचले. पुढे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये सहकाऱ्यांना शिकवलेही. १९१४ मध्ये ते पहिल्या वर्गाचे ड्रायव्हर झाले. ऐन तिशीच्या आत ही बढती मिळणे त्या काळी दुर्मीळच होते. (आम्हां प्राध्यापक मंडळींना रात्रीच्या वर्गातला विद्यार्थी नेहमी जरा धाक वाटेल असा असतो. तो वेळ घालवायला आलेला नसतो.)

त्याच वर्षी त्यांनी एलिझाबेथ मॅकेन्झीशी लग्न केले. ते कॅथॉलिक, ती प्रेस्बिटेरियन; आणि लग्न लागले तिच्या पंथाच्या चर्चमध्ये. आज हे वाचताना काही वाटत नाही, पण त्या काळच्या त्या गावात हा जवळजवळ आंतरजातीय विवाहच होता. सासरच्यांनी राहायला घर दिले. हेच ते बसबी स्ट्रीटवरचे दहा नंबरचे घर.

शेजारच्या घराशी भिंत जोडलेले, पुढे अरुंद पडवी असलेले हे छोटेसे घर नगरपालिकेने जपून ठेवले आहे. आतले बरेच सामान चिफ्ली पती-पत्नींच्या वापरातलेच. गोष्टी दाखवणाऱ्या वृद्ध बाई आवाज न चढवता बोलत होत्या. बैठकीची खोली एवढी की चार पाहुणे आले तर पाचव्याने पडवीत बसावे. स्वयंपाकघर पाहून माझी पुतणी हळूच म्हणाली, "काका, आपल्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातली खोली मोठी होती." मला ती तुलना आवडली. मोठ्या माणसांची स्मारके पाहताना आपल्याला साधेपणाचे गहिवर फार लवकर येतात. गहिवर आला की विचार थांबतो. मला या घरात दुसराच प्रश्न पडला होता. येथून निघून जो माणूस सत्तेच्या शिखरावर गेला, त्याला सत्तेने काय करायला लावले?

त्यासाठी १९१७ कडे जावे लागते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सिडनीच्या रेल्वे कारखान्यांत कामाचा वेळ मोजण्याच्या नव्या कार्डावरून संप पेटला आणि राज्यभर पसरला. चिफ्ली संपात उतरले. संप मोडला, त्यांना नोकरीवरून काढले आणि मग परत घेतले ते खालच्या जागेवर, ज्येष्ठता बुडवून. काल ज्यांना शिकवले त्यांच्या हाताखाली काम करायचे! गमावलेली ज्येष्ठता त्यांना परत मिळाली ती १९२५ मध्ये, राज्यात मजूर पक्षाचे सरकार आल्यावर. मधल्या आठ वर्षांनी त्यांना राजकारणात ढकलले, असे म्हणायला हरकत नाही. इंजिनवाल्यांची संघटना त्यांनी उभी केली आणि १९२८ मध्ये ते संसदेत गेले. १९३१ मध्ये काही महिने संरक्षणमंत्री होते, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत जागाही गेली. महामंदीने गावागावांतली माणसे बेकार झालेली त्यांनी जवळून पाहिली. १९३५ मध्ये बँकांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगात त्यांना घेतले, तेव्हा या लोहाराच्या मुलाने खाजगी बँका राष्ट्राच्या मालकीच्या कराव्यात असे वेगळे मत नोंदवले.

युद्धकाळात ते जॉन कर्टिन यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. जुलै १९४५ मध्ये कर्टिन वारले आणि १३ जुलैला चिफ्ली पंतप्रधान झाले. अर्थखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. पंतप्रधानांसाठी कॅनबेरात निवासस्थान होते, पण ते राहिले कुर्राजाँग नावाच्या हॉटेलातल्या साध्या खोलीत. पत्नीला पाठीचे दुखणे होते, तिला राजधानी मानवत नसे. म्हणून ती बॅथर्स्टमध्ये आणि हे सवड मिळेल तेव्हा आपल्या ब्युक मोटारीने घरी येत. ही अमेरिकन मोटार हीच काय ती चैन, आणि तोंडातला पाइप.

चार वर्षांत त्यांनी केलेल्या कामाची यादी देऊन मी वाचकांना कंटाळवीत नाही. राष्ट्रीय विद्यापीठ, सरकारी विमान कंपनी, युरोपातून लाखो निर्वासितांना आणण्याची योजना, स्नोई पर्वतातल्या नद्या वळवून वीज आणि पाणी देणारा प्रचंड प्रकल्प! आपल्याशी संबंध येतो तो परराष्ट्र धोरणात. डचांनी इंडोनेशिया पुन्हा बळकावू पाहिला, तेव्हा १९४५ मध्ये सिडनीच्या गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला आणि त्या जहाजांवरचे भारतीय खलाशीही त्यात सामील झाले. पुढे चिफ्ली सरकार इंडोनेशियाच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत भरलेल्या परिषदेस ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनला भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल असा तोडगा निघाला. त्या बैठकीत नेहरूंबरोबर बसलेल्या पंतप्रधानांत चिफ्ली होते.

आणि मग आला १९४९ चा हिवाळा. १२ जूनला सिडनीत पक्षाच्या परिषदेपुढे त्यांनी जे भाषण केले, ते 'टेकडीवरचा दिवा' या नावाने आजही मजूर पक्षात सांगितले जाते. बॅथर्स्टमध्ये त्या नावाने दरवर्षी स्मृतिभोजन होते. चळवळ म्हणजे कोणाच्या खिशात चार आणे अधिक टाकणे नव्हे, असा त्याचा आशय. पंधरा दिवसांनी, २७ जूनला, कोळसाखाणींतले मजूर संपावर गेले. संख्या तेवीस हजारांच्या आसपास. त्या देशात तेव्हा वीज, गॅस, आगगाडी सगळे कोळशावर. ऐन थंडीत घरातल्या चुली विझल्या, कारखाने बंद पडले, लाखो माणसे बेकार झाली. संपाच्या नेतृत्वात कम्युनिस्ट होते आणि हा संप सरकार पाडण्यासाठी आहे, अशी चिफ्लींची खात्री झाली. सरकारने कायदा करून संघटनांचा निधी गोठवला, पुढाऱ्यांना तुरुंगात पाठवले आणि ऑगस्टच्या आरंभी उघड्या खाणींत सैनिक उतरवले. ऑस्ट्रेलियात शांततेच्या काळात संप मोडायला सैन्य वापरले गेले ते पहिल्यांदाच, आणि तेही संपामुळे बडतर्फ झालेल्या माणसाने! १५ ऑगस्टला संप संपला.

त्यांच्या घरात उभे राहून मी हा निर्णय पुष्कळदा उलटसुलट केला. १९१७ विसरला म्हणून त्यांनी हे केले, असे म्हणणे सोपे आहे. मला ते खरे वाटत नाही. फायरमनला ठाऊक असते की भट्टी विझली की गाडीतला शेवटचा प्रवासीही अडकतो. खाणीतल्या मजुराच्या हट्टासाठी सिडनीच्या चाळीतल्या मजुराच्या पोरांनी थंडीत कुडकुडावे, हे त्यांना पटले नाही. सैन्य पाठवण्याआधी आणखी एखादी वाट होती का? असावी. पण त्यांचा निर्णय मला समजू शकतो.

जे समजत नाही ते दुसरेच. माझ्या पुतणीच्या पासपोर्टवर आज ऑस्ट्रेलियाचे चिन्ह आहे. सिडनीच्या उपनगरांत गणपती बसतो, मराठी नाटके होतात. पण १९४९ मध्ये ती या देशात आली असती तर तिला वस्तीसाठी दार उघडले नसते. श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण १९०१ पासूनचे, आणि चिफ्लींनी ते जसेच्या तसे चालू ठेवले. इतकेच नव्हे, तर युद्धात जीव वाचवून येथे आलेल्या आशियाई निर्वासितांना हाकलण्यासाठी १९४९ मध्येच त्यांच्या सरकारने खास कायदा केला. इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य, पण इंडोनेशियन माणूस शेजारी नको! मजुरी घसरेल या भीतीने मजूर संघटनांनीच या धोरणाला उचलून धरले होते, हे कारण खरे आहे, समर्थन नव्हे. ते धोरण पुरते गेले १९७३ मध्ये, आणि घालवले तेही मजूर पक्षाच्याच सरकारने. दाखवणाऱ्या बाईंना मी याविषयी विचारले. त्यांनी क्षणभर माझ्या पुतणीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "होय, तेही याच घरातले." मला त्यांचे उत्तर प्रामाणिक वाटले.

त्यांचा पराभव झाला तो मात्र या कारणाने नव्हे. १९४७ मध्ये सर्व खाजगी बँका ताब्यात घेण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला होता. शाही आयोगातले ते जुने मत दहा वर्षे मनात धुमसत होते. बँकांतले कारकून सायंकाळी घरोघर जाऊन विरुद्ध प्रचार करू लागले. उच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरवला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तेच केले. त्यात युद्ध संपून चार वर्षे झाली तरी पेट्रोलला कूपन! १० डिसेंबर १९४९ रोजी रॉबर्ट मेंझिस यांचा पक्ष निवडून आला. सत्तेवरून उतरलेले चिफ्ली विरोधी बाकावर बसले आणि हॉटेलातली खोली तीच राहिली.

१३ जून १९५१ च्या रात्री संसद भवनात राष्ट्राच्या पन्नाशीचा नृत्यसमारंभ होता. अशा थाटामाटाची चिफ्लींना हौस नव्हती. ते खोलीतच वाचत बसले होते. तेथेच हृदयविकाराचा झटका आला. बातमी समारंभात पोहोचली तेव्हा मेंझिस यांनीच ती सांगितली आणि संगीत थांबवले. प्रेत बॅथर्स्टला आणले. कॅथॉलिक कॅथेड्रलमध्ये विधी झाला आणि गावच्या दफनभूमीत त्यांना पुरले.

दुपारी आम्ही तेथेही जाऊन आलो. वारा बोचरा होता, माणूस एकही नव्हता. पुतणीने घरून आणलेली पोळी-भाजी आम्ही बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. एलिझाबेथ चिफ्ली पुढे अकरा वर्षे, १९६२ पर्यंत जगल्या. बसबी स्ट्रीटवरच्या त्याच घरात.