परगावचा गडी

पैशाचा हिशेब आणि माणसाची पारख या दोन विद्या मला कधी साधल्या नाहीत. पहिलीबद्दल आमची सौभाग्यवती केव्हाही साक्ष देईल. दुसरीबद्दल नालवाडीतले कबड्डीचे मैदान देईल. तरीही आमच्या मंडळाने मला खजिनदार केले. प्राध्यापक मनुष्य पैसे खाणार नाही, एवढाच त्यामागचा विचार होता. तो पैसे उधळील, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. लागोपाठ दोन वर्षे आमचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला होता. वर्गणी जमली होती अकरा हजार. मी सभेत म्हणालो, "आपल्याला एक नामांकित चढाईपटू हवा. बाहेरून आणू." अलंकार शिकवताना वर्गात जो जोर माझ्या आवाजात कधी येत नाही, तो त्या दिवशी आला असावा, ठराव एकमताने पास झाला. पाहुण्याला आठ हजार ठरले, तेही आगाऊ. उरलेल्या तिनात बनियन, प्रवेश फी आणि टेम्पोचे भाडे. पोरांची दूध-केळी बंद झाली. ज्या नालवाडीत एके काळी विनोबांनी सूत कातून त्याच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला, त्याच नालवाडीत मी एका बैठकीत आठ हजारांचा निकाल लावला!

पाहुण्याला जागा करून द्यायची, तर कोणाला तरी बसवणे आले. बसवले ते आमच्या सर्वांत चपळ पोराला. त्याचे वडील भाजीची गाडी लावतात. पोरगा पहाटे वर्तमानपत्रे टाकायचा आणि संध्याकाळी सर्वांच्या आधी मैदानावर हजर व्हायचा. फक्कीच्या रेषाही तोच आखायचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "पुढच्या वर्षी तूच खेळशील, बरं का."

तो म्हणाला, "काही नाई सर, खेळू द्या त्याले."

दुसऱ्या दिवशी रेषा आखायला कोणी नव्हते.

सामन्याचे वर्णन लांबवीत नाही. पाहुण्याने पहिल्या चढाईत दोन गडी टिपले, तेव्हा मी भोवताली अशा ऐटीत पाहिले, की जणू ते मीच टिपले होते. तिसऱ्या चढाईत समोरच्या साखळीत तो सापडला आणि त्याचा घोटा मुरगळला. तो बाकावर जाऊन बसला. त्याच्यामागे धड चढाई करणारा आम्ही ठेवलाच नव्हता. आमच्यावर दोन लोण चढले. पाहुणा लंगडत निघून गेला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? करार मी केला होता.

पुढे १ मार्चच्या रात्री चिरंजीवांबरोबर मी प्रो कबड्डीचा अंतिम सामना पाहत बसलो. हैदराबादेत पुणेरी पलटण आणि हरियाणा स्टीलर्स यांची झुंज होती. आमच्या चिरंजीवांना पानिपताचे साल आठवत नाही, पण पलटणीची बखर तोंडपाठ. पहिल्या दोन्ही हंगामांत, २०१४ आणि २०१५ साली, पलटण आठ संघांत शेवटची. २०१८ साली तिने नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख रुपये मोजले. दुखापतीने त्याला पुरते खेळू दिले नाही, आणि संघ बाद फेरीबाहेरच राहिला. २०१९ साली बारा संघांत दहावी. मग तिने कोवळी पोरे हाताशी धरली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. २०२२ साली अंतिम सामन्यात जयपूरने त्यांना ३३-२९ असे हरवले, तरी त्यांना कोणी घरी पाठवले नाही. आणि त्या रात्री अस्लमच्याच नेतृत्वाखाली पलटणीने २८-२५ असा सामना जिंकला!

"पाहिलंस?" मी म्हणालो, "पैशानं संघ होत नाही."

"पण बाबा, पलटणीनं यंदाच इराणच्या शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलंय. एका संघाला सगळे मिळून खर्चायला पाच कोटी असतात." आणि माझी पडलेली मुद्रा पाहून तो पुढे म्हणाला, "तेलुगू टायटन्सनं मात्र पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर देऊन घेतलं, आणि बावीस सामन्यांत दोनच जिंकले."

मला झोप लागेना. दोघांनीही सुमारे निम्मी थैली एकेका गड्यावर रिकामी केली होती, आणि दोघेही गडी अस्सल. मग फरक कुठे पडला? शादलुई आला तो उभ्या असलेल्या भिंतीवर कळस म्हणून. आजूबाजूची पोरे एकमेकांचा दम ओळखत होती. त्याने पाय पकडला, की साखळीचा दुसरा हात आपोआप येत होता. मीही कळसच आणला होता, पण भिंतीतली वीट काढून त्या पैशांत!

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराच्या घरी गेलो. तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. "चूक माझी झाली," मी म्हणालो. इतकी वर्षे विद्यार्थ्यांच्या चुका तांबड्या शाईने काढल्या. स्वतःची काढताना शाई सापडेना. तो ऑइलचे हात पुसत म्हणाला, "राग नाई सर. पण मले सुट्टी आठ वाजता होते. तवा अंधार असते."

त्या पावसाळ्यानंतर वर्गणी जमली, तेव्हा परगावच्या गड्याचा विषय मी निघू दिला नाही. आधी मैदानाच्या दोन टोकांना दोन मोठे दिवे लावले. मग पोरांची दूध-केळी सुरू केली. सराव आता साडेआठला सुरू होतो. पुढच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत तीन गुणांनी हरलो. कपाट रिकामेच आहे, आणि खजिनदार म्हणून माझ्यावर टीकाही झाली.

पण रात्री जेवण उरकून मी मैदानाकडे फिरायला जातो, तेव्हा त्या दिव्यांखाली तो पोरगा वाकून रेषा आखीत असतो. त्याच्यामागून दोन लहान पोरे फक्कीचे घमेले धरून चाललेली असतात. मी कुंपणाजवळ उभा राहतो. तो मान वर करून म्हणतो, "या ना सर, आत या." आत जाताना मी चप्पल बाहेर काढून ठेवतो.