निजाम सरकार, आपला पत्ता तरी ठाऊक होता

मीर उस्मान अली खान,
सातवे निजाम, किंग कोठी, हैदराबाद
यांस हिंगोलीहून सलाम.

हुजूर,

आपण 1967 साली गेलात, तेव्हा हे पत्र आपल्याला मिळणार नाही हे मला कळतं. पण आजच्या धनाढ्यांना लिहायचं म्हटलं तर लिफाफ्यावर काय घालावं तेच समजत नाही. कंपनी मुंबईत, तिची मालक कंपनी परदेशात, शेअर ट्रस्टच्या नावावर. आपला पत्ता मात्र आमच्या आजा-पणजांना तोंडपाठ होता. म्हणून आपल्यालाच लिहितो.

22 फेब्रुवारी 1937 च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने आपला चेहरा मुखपृष्ठावर छापला आणि आपल्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हटलं. तेव्हा हिंगोली, कळमनुरी, वसमत हा सगळा मुलूख आपल्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे आमचे पूर्वज जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची रयत होते, आणि त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. 184 कॅरटचा जेकब हिरा आपल्याकडे पेपरवेट म्हणून पडलेला असायचा. इकडे सारा, लेव्ही आणि वेठ. राज्याच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा सर्फ-ए-खास, म्हणजे थेट आपल्या खासगीचा. त्याखेरीज पायगा सरदारांच्या आणि इतर जहागिऱ्या वेगळ्याच. सर्वांत मोठे जमीनदार आपण आणि कायदा करणारेही आपणच.

आपण दानशूर नव्हता असं मी म्हणणार नाही. उस्मानिया विद्यापीठ आपलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी आपण पैसे दिलेत. तिथलं निजाम गेस्ट हाऊस आजही उभं आहे. पण 1965 मध्ये आपण देशाला पाच टन सोनं दान केल्याची कथा अजून फिरते, तिची कागदपत्रं वेगळं सांगतात. सोनं होतं 425 किलो, आणि ते साडेसहा टक्के व्याजाच्या सुवर्णरोख्यांत गुंतवलेलं होतं. श्रीमंताच्या ठेवीलासुद्धा लोक दान समजून हात जोडतात, ही सवय आमची आजही सुटलेली नाही.

17 सप्टेंबर 1948 ला आपलं राज्य संपलं. ते संपवण्याच्या लढ्यात वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांनी प्राण दिले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. पण राज्य जात असताना आपल्या पैशाने मात्र गाव सोडलं होतं. 20 सप्टेंबरला लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत, पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे, आपल्या सरकारचे 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग जमा झाले. त्यावर मालकी कुणाची, याचा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने 2 ऑक्टोबर 2019 ला दिला, भारत आणि आपल्या वारसांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. आपण गेलात, संस्थानिकांचे तनखे गेले, शिलिंगसुद्धा चलनातून गेलं. पैसा नुसता पडून होता आणि तरी पस्तीस पट झाला.

आमच्याकडे हळद आहे, हुजूर. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. ती आठ-नऊ महिने जमिनीत असते. मग खणायची, कुकरमध्ये शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, आणि ट्रॅक्टर भरून मार्केट यार्डात लिलावाचं बीट कधी निघतं याची वाट बघत बसायचं. भाव दुसऱ्याने पुकारायचा. पट्टीतून हमाली, तोलाई कापून हातात उरेल ते आपलं. फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी आधीच भरलेला. कष्टाचा पैसा वाढायला पाऊस लागतो, भाव लागतो, नशीब लागतं. साठलेल्या पैशाला फक्त दिवस लागतात. गरीब-श्रीमंतातली दरी रुंदावते ती अशी, त्यात कुणी फार लबाडी केली नाही तरीही.

मग आपली श्रीमंती आटली कशी? आपल्याला लाज वाटली म्हणून नव्हे, आणि दान केलंत म्हणूनही नव्हे. 1949 मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झालं आणि जहागिऱ्या रद्द झाल्या. 1950 मध्ये कुळकायदा आला, 1953 मध्ये मृत्युकर, 1957 मध्ये संपत्ती कर, पुढे जमिनीची कमाल मर्यादा, आणि 1971 मध्ये तनखेबंदी. ही कामं अर्धवट झाली, पळवाटा राहिल्या, बड्या देशमुखांनी नातलगांच्या नावे जमिनी वाटून ठेवल्या. तरी फरक पडला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नात वरच्या एक टक्का लोकांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास उतरला होता.

आता पुढचं ऐका. मृत्युकर 1985 मध्ये गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. कारण दिलं की वसुली थोडी आणि खटाटोप फार. पण 1993 पासून त्या करातून शेअरच वगळलेले होते. खरी संपत्ती जिथे होती तिथे हातच लावायचा नाही, तर वसुली होणार कुठून? वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाचं 22.6 टक्के उत्पन्न आणि 40.1 टक्के संपत्ती होती. उत्पन्नातला हा वाटा आपल्या आणि इंग्रजांच्या काळापेक्षाही जास्त आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये आमच्या सेनगाव तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: पीककर्ज फिटत नाही, आमचे अवयव विकत घ्या. सोबत दर दिले होते. किडनी 75 हजार, यकृत 90 हजार, डोळे 25 हजार. त्याच काळाचा बँकांचा हिशेब संसदेत मांडला गेलाय. 2014-15 पासूनच्या दहा वर्षांत 16 लाख कोटींहून अधिक कर्जं ताळेबंदातून काढली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त मोठ्या उद्योगांची आणि सेवा कंपन्यांची. सरकार म्हणतं, हे निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते. कबूल. पण वसुली चालू असताना त्या मोठ्यांपैकी कुणी किडनीचा दर लिहून दिल्याचं ऐकिवात नाही.

आजचे धनाढ्य कारखाने काढतात, हजारोंना नोकऱ्या देतात, गादीवर वारशाने बसलेल्या आपल्यासारखे सगळेच नाहीत, हे मान्य. अडचण त्यांच्या गाडी-बंगल्यांची नाही, कायद्यापर्यंत पोचणाऱ्या त्यांच्या हाताची आहे. 2017 मध्ये कंपन्यांच्या पक्षनिधीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठली, पाठोपाठ निनावी निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाने ते 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवेपर्यंत कुणी कुणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती. आपण फर्मान काढायचात तेव्हा खाली आपलं नाव तरी असायचं.

त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला, तर पक्षांनी हात झटकले. पाच एकरवाल्यालाही वाटलं, आपलं रान जाणार. त्याला कुणी सांगितलं नाही की असा कर शेकडो कोटींच्या वर लावता येतो, आणि शेअर धरून लावता येतो. पैसा देश सोडून पळेल म्हणतात. आपला पैसा तर कर लागण्याआधीच पळाला होता. त्यावर उपाय म्हणून कुणी निजामशाही चालू ठेवली नाही.

म्हणून हिंगोलीच्या मतदारांनी पुढच्या उमेदवाराला कर्जमाफीबरोबर दोन प्रश्न विचारावेत: संपत्ती कर परत आणणार का, आणि तुमच्या पक्षाला पैसा कुणाचा? आपल्यासारख्याची जहागीर कायद्याने सुटली, तर हेही कायद्याच्या आवाक्याबाहेरचं नाही.

कळावे,

आपल्या एके काळच्या रयतेपैकी एक,
हिंगोली