आठ तास की एक तास?

टांझानियातल्या अरुशा शहरापासून सेरेंगेटीच्या मध्यावरच्या सेरोनेरापर्यंत जायचे दोन मार्ग आहेत. एक लँड क्रूझरने, तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर, सात-आठ तास. दुसरा एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाने, साधारण तासाभरात. टूरवाल्याकडून मला दोन कोटेशन आली, ती याच दोन ओळींत. विमानाचं म्हटलं तर माणशी, एका बाजूचे, अडीचशे डॉलरच्या आसपास जास्त.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आठ तासांचं काम एका तासात होत असेल तर त्यावर मीटिंग लावायची नसते, अशा वातावरणात माझी सहा वर्षं गेली आहेत. शिवाय सोबत आई येणार होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्यातली गादी सरकली. तेव्हापासून जळगावहून पुण्याला येतानाही ती खालचा बर्थ मिळाला तरच निघते. तासाभराहून जास्त सलग बसायचं नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितलंय आणि तिने मला, जमेल तेव्हा. साहजिकच माझा कल विमानाकडे होता.

आई म्हणाली, "मला खचदरी बघायचीय."

आईने यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. शिकवलं सगळंच, पण जीव भूगोलात. नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात, हे तिने किती पिढ्यांकडून घोकून घेतलंय कोण जाणे. गंमत म्हणजे तापीच्या खोऱ्यात राहून खचदरी दिसत नाही. ती इतकी रुंद आणि गाळाने इतकी भरलेली आहे की उत्तरेला सातपुडा दिसतो, बाकी सपाट केळीच्या बागा. मुलांना कळावं म्हणून आई तीन वह्या शेजारी-शेजारी धरायची आणि मधली खाली सरकवायची. एवढंच. पूर्व आफ्रिकेत मात्र जमीन अजूनही फाटतेय, आणि अरुशाहून निघालेला रस्ता त्या भेगेच्या तळातून जाऊन तिची भिंत चढतो.

"विमानातून सगळं सपाट दिसतं," आई म्हणाली. "भिंत चढल्याशिवाय कशी कळेल?"

मग मी एक्सेल उघडलं. (आमच्याकडे भांडणाला दुसरा मार्ग नाही.) पहिली गोष्ट दिसली ती अशी, की आठ तास विरुद्ध एक तास ही तुलनाच कोणी करू नये. सरळ अरुशा ते सेरोनेरा असं एका दिवसात फार थोडे लोक जातात. बहुतेकांचा पहिला मुक्काम कराटूला असतो, तिथपर्यंत तीनेक तासांचा चांगला डांबरी रस्ता. पुढे गोरोंगोरोचं विवर, आणि त्यानंतर सेरेंगेटी. म्हणजे आठ तास दोन-तीन दिवसांत वाटले जातात. विमानाचा एक तासही एक नसतो. विमानतळावर वाट बघणं, मधे एखाद्या धावपट्टीवर उतरून माणसं चढवणं हे त्यात धरावं लागतं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. उडून गेलात तरी तिथे फिरायला गाडी लागतेच. एकतर लॉजची गाडी घ्यायची, नाहीतर आपला ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन तोच सगळा रस्ता तुडवत तुमच्याआधी पोचणार. विमानामुळे गाडीचा खर्च जात नाही, तो फक्त डोळ्यांआड होतो.

तिसरी गोष्ट वजनाची. या विमानांत माणशी साधारण पंधरा किलो सामान चालतं, तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग नाही. आईच्या सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी मिळून साडेचार किलो होते.

खरी अडचण रस्त्याच्या शेवटच्या तुकड्याची होती. गोरोंगोरोच्या लोडोआरे गेटला डांबर संपतं. तिथून सेरोनेरापर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटर मुरूम, धूळ आणि पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा पडलेला रस्ता. तिथले ड्रायव्हर हसत हसत याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. सरकलेल्या गादीवाल्या माणसाला हा विनोद सांगू नये.

आम्ही जात होतो फेब्रुवारीत, आणि त्याने पारडं झुकलं. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान विल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवर विणीला असतात. ज्वालामुखीच्या राखेची ती माती, गवत सकस. आणि ही मैदानं नेमकी त्याच खराब रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. ज्याच्यासाठी जायचं तेच वाटेत होतं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये कळप उत्तरेला मारा नदीकडे असतात. तेव्हा जाणाऱ्याने कोगाटेंडेपर्यंत सरळ उडावं, माझं मत विचाराल तर.

ठरलं असं: जाताना गाडी, येताना विमान. आई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दोन्ही आसांच्या मधोमध, जिथे हादरा सगळ्यात कमी बसतो. मागची सीट म्हणजे थेट मागच्या आसावर, तिथे मी. दर तासाला थांबायचं.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत माणूस. तो आईला पहिल्याच मिनिटाला 'मामा' म्हणाला. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आईला हे कळायला अर्धा दिवस गेला, तोवर ती मला हळूच विचारत होती की याला मी बाई दिसत नाही का. पुढे तिला त्या भाषेत आपले शब्द सापडायला लागले. 'गारी' म्हणजे गाडी, 'दुका' म्हणजे दुकान, 'चाय' म्हणजे चहाच. आणि 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास. अरबी 'सफर'मधून तिकडे सफारी झाली, आपल्याकडे सफर राहिली. कोणी बसने मामाच्या गावाला गेला तरी तिकडे ती सफारीच.

म्टो वा म्बू नावाच्या गावात (अर्थ: डासांची नदी) रस्त्याच्या कडेला केळ्यांचे ढीग होते, त्यात लाल केळीसुद्धा. रावेर-यावलच्या बाईला केळ्यांच्या ढिगापासून कोण हलवणार? तिने घड उचलून वजन अजमावलं, देठ पाहिला, वास घेतला. केळीवालीने तिच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ड्रायव्हरने अनुवाद केला: "विचारतेय, तुमची किती एकर आहे?"

गावाच्या पुढेच ती भिंत. डावीकडे मान्यारा सरोवर, समोर एकदम उभा कडा, आणि रस्ता वळणं घेत वर. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवायला सांगून आई उतरली. खाली सरोवर, त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर मैदान. ती बराच वेळ पूर्वेकडे बघत राहिली.

"दुसरी भिंत कुठंय?"

नाही. या भागात खचदरी एका बाजूनेच तुटली आहे. पश्चिमेला कडा आहे, पूर्वेला तशी भिंत नाही. आई म्हणाली, "म्हणजे मी एकतीस वर्षं एक वही जास्त धरली." पण खूश होती. मोबाइलवर तिने फोटो काढला तो कड्याचा नाही, कड्यातून कापलेल्या रस्त्याच्या बाजूच्या दगडाचा.

दुसऱ्या दिवशी विवराच्या काठावर दगडी पिरॅमिडसारखं एक स्मारक लागलं. मायकेल ग्झिमेक आणि त्याचे वडील बर्नहार्ड, दोघे जर्मन. 1958मध्ये त्यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतले प्राणी मोजले. कळप कुठून कुठे जातात याचा नकाशा हवेतूनच बनत गेला. 10 जानेवारी 1959ला ते विमान एका गिधाडाला धडकून पडलं. मायकेल चोवीस वर्षांचा होता. त्यांचा माहितीपट नंतर ऑस्कर जिंकला आणि सेरेंगेटी जगाला माहीत झालं, ते बरंचसं वरून पाहिलेलं.

वरून जनावरं मोजता येतात. माणसं मात्र राहून जातात, असं मला त्या काठावर वाटलं. त्याच 1959 साली मासाई लोकांना सेरेंगेटीतून बाहेर काढलं गेलं आणि गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रात त्यांना गुरांसह राहता येईल असं ठरलं. पुढचे दोन तास आम्ही त्यांच्याच मुलुखातून गेलो. लाल शाली, गाढवांवर पाण्याचे पिवळे कॅन, चेहऱ्यावर पांढरी नक्षी काढलेली काळ्या कपड्यांतली पोरं. 2022पासून सरकार इथल्या कुटुंबांना दूर हांडेनीतल्या म्सोमेराला हलवतंय. सरकार म्हणतं लोक स्वखुशीने जातात. अनेक मासाई आणि मानवी हक्क संघटनांना ते मान्य नाही. मी ड्रायव्हरला विचारलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, रस्त्यातला एक खड्डा चुकवला आणि आईला विचारलं, "मामा, पाठ बरी आहे?"

बरी नव्हती. नाबी टेकडीच्या गेटला पोचेपर्यंत आईने दोनदा उभ्याने दहा-दहा मिनिटं काढली होती. पण त्याआधीचे वीस किलोमीटर विल्डबीस्टमधून गेले होते. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत काळे ठिपके, मधे लटपटणारी पिल्लं. एकदा कळप रस्ता ओलांडत असताना गाडी बंद करून आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. त्या चाळीस मिनिटांत आईने कंबरेचं नाव काढलं नाही.

त्याची किंमत दुसऱ्या दिवशी चुकती झाली. ती दुपारपर्यंत तंबूत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होती आणि सकाळची फेरी मी एकटीने केली. मला चित्ता दिसला. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "हा टीव्हीवर येतो."

परत येताना सेरोनेराच्या धावपट्टीवर एका गाडीने आधी झेब्रे हाकलले, मग विमान उतरलं. एक इंजिन, एक पायलट. सामान काट्यावर गेलं. दशम्या संपल्या होत्या, तरी दगडांमुळे आईची पिशवी चौदा किलो भरली. दगड केळ्यांच्या गावाजवळ, कड्याखालच्या रस्त्याकडेला घेतलेले होते. उद्यानातून दगड उचलायचा नसतो, हे तिने मला आधीच सुनावून ठेवलं होतं.

विमान मधे मान्याराला उतरलं. तिथली धावपट्टी कड्याच्या माथ्यावरच आहे, हे मला माहीत नव्हतं. पुन्हा उडालो आणि दहा सेकंदांत खालची जमीन नाहीशी होऊन एकदम खोल सरोवर आलं. आईने माझा हात घट्ट धरला. मग खिडकीला नाक लावून तिने कड्यावर चढणारा तो रस्ता शोधून काढला. खरंच सपाट दिसत होता, कागदावर पेनाने वळणं काढल्यासारखा.

अरुशात हॉटेलवर पोचून आमची अंघोळ, जेवण, झोप झाली. संध्याकाळी सातला ड्रायव्हरचा मेसेज आला. तो रिकामी गाडी घेऊन कराटूला पोचला होता आणि रात्री तिथेच थांबणार होता. खाली लिहिलं होतं: मामाची पाठ कशी आहे?