मृताच्या हातातील मूर्ती : मेक्सिकोचे हाइना बेट

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कांपेचे शहराच्या उत्तरेस, खारफुटीच्या रानाला लागून एक लहानसे बेट आहे. नकाशावर रोमन लिपीत त्याचे नाव आपण सहज 'जैना' असे वाचू. म्हणून आपल्या वाचकांचे कुतूहल जागे होणे स्वाभाविक आहे. परंतु हे केवळ नामसादृश्य आहे. स्थानिक उच्चार 'हाइना' असा असून माया भाषेत 'हा' म्हणजे पाणी आणि 'ना' म्हणजे घर. पाण्यातील घर, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो.

हे घर बऱ्याच अंशी मानवनिर्मित आहे. माया लोकांनी चुनखडीची पांढरी माती आणून उथळ, दलदलीच्या जागेवर भराव घातला आणि त्यावर लहान पिरॅमिड, चेंडूच्या खेळाचे पटांगण व वस्ती उभारली. याच भूमीत त्यांनी आपले मृत पुरले. रोमान पिन्या चान आदी पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननांत येथे शेकडो दफने उजेडात आली. मृतदेहाचे गुडघे छातीशी दुमडलेले, देह वस्त्रात गुंडाळलेला, त्यावर हिंगुळाची लाल पूड, मुखात हिरव्या जेड खड्याचा मणी आणि हातात किंवा छातीवर भाजलेल्या मातीची एक मूर्ती, असा हा विधी असे. बालकांना मोठ्या रांजणात ठेवून वर थाळी झाकीत.

या मूर्ती प्रामुख्याने इ. स. ६०० ते ९०० या काळातील आहेत. उंची बहुधा वीतभर. परंतु एवढ्याशा मातीत एक संपूर्ण समाज उतरला आहे. कमरेला माग बांधून विणणारी स्त्री, ढाल घेतलेला योद्धा, जाड कमरपट्टा बांधलेला चेंडूचा खेळाडू, आसनस्थ सरदार, सुरकुतलेला वृद्ध आणि फुलाच्या पाकळ्यांतून वर येणारी मानवाकृती! काही मूर्ती पूर्णपणे हाताने घडविलेल्या, काही साच्यातील. कित्येकांचा चेहरा साच्यातून काढून शरीर हाताने जोडलेले. त्यांवर आजही कोठे कोठे निळा रंग टिकून आहे. नीळ आणि एक विशिष्ट चिकणमाती एकत्र तापवून माया कारागीर हा रंग तयार करीत.

यांतील अनेक मूर्ती पोकळ आहेत. पाठीमागे फुंकण्याचे छिद्र असल्यास ती शिटी होते. आत मातीच्या गोळ्या असल्यास खुळखुळा. अंत्यविधीच्या वेळी त्यांचा नाद केला जात असावा, असे अभ्यासक मानतात. फुलातून वर येणारी आकृती पुनर्जन्माची सूचक समजली जाते. माया प्रदेशाच्या या पश्चिम कडेवर सूर्य समुद्रात बुडतो; मावळत्या सूर्याच्या वाटेने मृतात्म्याचा प्रवास सुरू होतो, या श्रद्धेमुळे ही जागा पवित्र ठरली असावी. विणकरीण विणकरणीसोबत पुरली जाई की मूर्ती देवतेची असे, याचा उलगडा एकाच पुराव्यावर अवलंबून असतो : ती कोणाच्या हातात सापडली?

आणि नेमका हाच पुरावा पुष्कळ ठिकाणी नष्ट झाला आहे. विसाव्या शतकात परदेशी संग्राहकांना या मूर्तींचा मोह पडला आणि दफने चोरून उकरली जाऊ लागली. जगातील अनेक संग्रहालयांत मूर्तीखालच्या पाटीवर 'हाइना शैली' एवढेच लिहिलेले आढळते. त्या 'शैली' शब्दाचा अर्थ असा, की वस्तू सुंदर आहे, पण तिचा ठावठिकाणा हरवला आहे. मृताचा हात रिकामा झाला आणि मूर्तीही मुकी झाली.

मेक्सिकोने १९७२ मध्ये कायदा करून अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरविल्या. भारताचा पुरावस्तू व कलानिधी कायदाही १९७२ चाच, हा योगायोग लक्षणीय आहे. आपल्या मंदिरांतून तीर्थंकरांच्या प्राचीन धातुमूर्ती चोरीस जातात तेव्हा केवळ धातू जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा आणि गावाची स्मृती जाते. ज्याला ही वेदना ठाऊक आहे, त्याला हाइनाचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे बेट पर्यटकांसाठी सर्रास खुले नाही. परंतु कांपेचे येथील सान मिगेल किल्ल्यातील संग्रहालयात आणि मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात या मूर्तींचे दर्शन घडते. तिकडे जाणाऱ्यांनी ते अवश्य घ्यावे. पण बाजारात कोणी 'अस्सल जुनी' मूर्ती पुढे केली, तर व्यापाऱ्याच्या घरात प्रत्येक मालाबाबत विचारला जाणारा प्रश्न तेथेही विचारावा : हा माल आला कोठून? उत्तर मिळाले नाही तर हात आखडता घ्यावा. चोरीचा माल घेणारा असतो, म्हणूनच चोरी करणारा असतो.