सीताफळवालीचे हात

कलबुर्गी

चि. छकुलीस,


तुझं पत्र आणि सोबतची चार चित्रं मिळाली. पत्रात प्रश्न एकच आहे, पण तीन वेळा विचारलायस: चित्रं काढून पोट भरतं का? दाजींचाही फोन आला. "बी.एड.ला घालतोय, तुम्ही जरा समजावा." मी समजावतो म्हणालो. कुणाला, ते नाही सांगितलं.

अगं, या गावात हा प्रश्न जुनाच आहे. चित्रकार एस. एम. पंडित इथलेच, जन्म १९१६ चा, निजामाच्या गुलबर्ग्यातला. इथून मद्रासची कलाशाळा, मग मुंबईचं नूतन कलामंदिर आणि जे. जे. एवढं शिकून केलं काय? तर मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या सिनेमांच्या जाहिराती, बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'साठी चित्रं, 'बरसात'चं पोस्टर आणि देवादिकांची कॅलेंडरं. आपल्या आजीच्या देवघराशेजारी राधाकृष्णाचं एक होतं, आठवतं? तारखांचा भाग फाडून टाकला, चित्र मात्र वर्षानुवर्षं भिंतीवरून उतरलं नाही. त्यातल्या राधेच्या गालावरचा उजेड सिनेमातल्या नटीच्या गालावर पडतो तसाच होता. नट्या रंगवलेला हात देवी रंगवायला बसला, तर तो उजेड सोबत येणारच. जाणकारांनी त्याला बाजारू म्हणावं. मला नाही पटत.

मडगावचे चित्रकार दीनानाथ दलालही १९१६ चेच. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला. दिवाळी काही चित्रकाराचा मूड लागायची वाट बघत थांबत नाही. 'माझी शैली अजून सापडली नाही' असं तू लिहितेस, म्हणून हे सांगतोय. आधी कुणीतरी अमुक तारखेला अमुक मापाचं चित्र मागू दे.

आता तुझी चित्रं. भालकी स्टँडवरची सीताफळवाली सर्वांत चांगली, आणि चोरी तिथंच पकडली. सीताफळाचा एकेक डोळा काढलास, बाईचे हात मात्र पदराखाली! आम्हीही असेच लपवायचो.

सुट्टीत बीदरला बिदरीच्या एखाद्या कारखान्यात तासभर बस. तिथं धातू ओतून केलेल्या, घासलेल्या सुरईला मोरचूद चोळून काळं करतात. त्या काळ्यावर कारागीर टोकदार हत्यारानं वेल काढत जातो. खाली छापा नाही, पेन्सिल नाही. मग तीच रेघ छिन्नीनं खोदायची आणि तिच्यात चांदीची तार ठोकून बसवायची. तुझ्या टॅबवर चुकलं की मागं जाता येतं. महिनाभर ते बटण दाबू नकोस.

पैशाचं सांगतो, कारण ते कुणी शिकवत नाही. मी कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही लिपींत दुकानांचे बोर्ड रंगवले. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. मग एकानं पुस्तकासाठी बावीस चित्रं करून घेतली. पैसे आवृत्ती खपल्यावर, म्हणाला. ती आवृत्ती अजून खपतेच आहे! तेव्हा आकडा आधी कागदावर घे, निम्मे पैसे आगाऊ माग, आणि मूळ चित्र स्वतःकडे ठेव.

बी.एड.चा फॉर्म भरून टाक. दाजींना झोप लागेल, आणि शाळेच्या वेळेनंतर दिवस उरतोच. त्यांच्याशी मी बोलेन.

पुढच्या रविवारी ये. बीदरहून आता थेट गाडी आहे. येताना त्या बाईचे हात काढून आण.

तुझा,
मामा