ड्रिल आणि सव्वीस जुलै

परवा शनिवारी बँकेत पुन्हा डीआर ड्रिल झालं. दीड तासात सगळी सिस्टिम मुंबईहून हैदराबादला हलली. टाळ्या वगैरे.

मला मात्र २६ जुलै २००५ आठवत होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३! फोर्टातले आमचे सर्व्हर ठणठणीत. पण डे-एंडचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो आमचा सीनियर कलिन्यात कमरेएवढ्या पाण्यात, फोन बंद. डे-एंड झाल्याशिवाय शाखांना दुसऱ्या दिवसाची तारीख उघडत नाही. मी नवशिका, रात्रभर नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. प्लॅनमध्ये भूकंप होता, आग होती. माणूस अडकेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा साहेबांना म्हटलं, पुढचं ड्रिल मला न सांगता, माझा फोन बंद ठेवून करा.

साहेब अजून विचार करताहेत...