नाममुद्रा आणि नाद

नाममुद्रेचा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे' आले म्हणून तो अभंग तुकोबांचाच, असे आज कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. गाथेच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांची कितीतरी शक्ती प्रक्षिप्त अभंग वेगळे काढण्यात खर्ची पडली. नामदेवांच्या नावावरच्या रचनांत विष्णुदास नामा असा काही मिसळून गेला की त्याला निवडून काढणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसला. मुद्रा एकाची आणि वाणी दुसऱ्याची, हे आपल्या वाङ्मयात सर्रास घडले आहे. त्यात फसवणुकीचा हेतू दर वेळी होता असे नाही. ज्याच्या वाणीने आपण घडलो त्याच्या नावानेच बोलावे, इतके ते साधे असेल.

हा विषय पुन्हा आमच्या मनात आला तो एका अगदी परक्या दिशेने, रॉक संगीतातल्या इलेक्ट्रिक गिटारींच्या दिशेने. या व्यवसायात 'सिग्नेचर' गिटार नावाचा एक प्रकार असतो. नामांकित वादकाच्या पसंतीबरहुकूम वाद्य बनवायचे, त्याच्या शेंड्यावर त्या वादकाची सही उमटवायची आणि ते दुकानात मांडायचे. विकत घेणाऱ्याला लाकूड आणि तारा तर मिळतातच, पण पैसे तो मोजतो ते त्या वादकाच्या 'टोन'साठी. 'टोन'ला मराठीत नेमका शब्द नाही असे म्हणण्याची घाई करू नये. आपल्या संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाची तीन लक्षणे दिलेली असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकाच उंचीचा, एकाच जोराचा षड्ज सनईतून आला की सारंगीतून, हे डोळे मिटूनही ज्यामुळे कळते ती नादाची जाती. गिटारवाले आयुष्यभर जिच्या मागे असतात ती हीच.

या नाममुद्रांचा मूळपुरुष म्हणजे लेस पॉल. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये त्याच्या नावाची भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. त्या वाद्याच्या घडणीत लेस पॉलचा वाटा किती आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टेड मॅकार्टी व त्यांच्या कारागिरांचा किती, यावर पुढे बराच वाद झाला. म्हणजे पाठचिकित्सेचा प्रश्न पहिल्याच मुद्रेपाशी उभा राहिला. पण खरी गंमत पुढे आहे. लेस पॉलचे स्वतःचे वादन स्वच्छ, लखलखीत, जॅझच्या वळणाचे. त्याच्या नावाची गिटार फारशी खपेना, म्हणून १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. मग १९६६ मध्ये इंग्लंडात एरिक क्लॅप्टन या विशीतल्या तरुणाने जुनी, टाकून दिल्यासारखी झालेली एक लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून, तो ॲम्प्लिफायर सोसेल त्याहून अधिक तापवून, जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स मंडळीबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. त्यातला जाड, फाटका, तरीही गाणारा आवाज ऐकून तरुण वादक जुन्या लेस पॉल गिटारी धुंडाळू लागले आणि १९६८ मध्ये कंपनीला ते बंद केलेले वाद्य पुन्हा काढावे लागले. आज 'लेस पॉलचा टोन' म्हटले की जाणकाराच्या कानात जो आवाज उमटतो, तो लेस पॉलने आपल्या उमेदीच्या काळात कधी काढलाच नव्हता. मुद्रा त्याची, अभंग दुसऱ्याचा. क्लॅप्टनची ती गिटार थोड्याच दिवसांत चोरीला गेली, ही गोष्ट तर एखाद्या हस्तलिखिताच्या बाबतीत शोभावी अशी.

त्याच क्लॅप्टनने १९७० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून एक गिटार जुळवली. तिचे नाव 'ब्लॅकी'. २००४ मध्ये ती लिलावात साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. दोन वर्षांनी तिच्या २७५ प्रतिकृती काढण्यात आल्या आणि त्यांत मूळ गिटारीवरचे ओरखडे, उडालेला रंग, सिगारेटचे डाग, सारे हुबेहूब उतरवले होते. शोध संपल्यानंतर मागे राहिलेल्या खुणा तेवढ्या विकत मिळाल्या. शोध करणारा माणूस मात्र तीन वाद्ये खोलून बसला होता. प्रतिकृती घेणाऱ्याने ती उघडली तर हमीच रद्द व्हायची, असा आमचा आपला तर्क.

आपल्याकडे हे नाममुद्रेचे आकर्षण एका विनोदी वळणाने पोचले. आयात दुर्मीळ असताना कोलकात्यात गिटारी बनू लागल्या आणि त्यांतल्या एकीचे नाव होते 'गिव्हसन'. एका अक्षराचा फरक. लेखनिकाच्या हस्तदोषाने घडावा तसा, पण हा हस्तदोष पुरता सावध होता. आमच्या पिढीतल्या अनेकांची बोटे पहिल्यांदा सोलली गेली ती त्या तारांवर.

या साऱ्या कथांत आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती ब्रायन मे याची. क्वीन या मंडळीचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे साताऱ्याच्या पाचगणीतल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. १९५८ मध्ये त्याने शाळासोबत्यांसह 'हेक्टिक्स' नावाची मंडळी तिथेच काढली होती. त्यामुळे महाराष्ट्रात क्वीनविषयी बोलताना लोक फ्रेडीपाशीच थांबतात. पण त्या मंडळीचा दुसरा आवाज म्हणजे मेची गिटार, आणि ती घरी बनवलेली आहे. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, विकतची गिटार परवडत नव्हती म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने ती बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, पट्टीवरच्या खुणांसाठी शिंपल्याची बटणे, तारा हलवण्याच्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. वाजवायला नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे. दोनेक वर्षे हे काम चालले. पुढे १९८० च्या दशकात गिल्ड कंपनीने तिची सहीवाली आवृत्ती काढली, त्यानंतर खुद्द मेच्या नावाच्या कंपनीनेही काढली. आता ती कुणालाही मिळते. शेकोटीची चौकट सोडून.

इथवर आमचे वाचन आणि ऐकणे. आता ज्या आवाजामुळे हे लिहावेसे वाटले त्याकडे वळतो. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे सिहोरा लागते. भंडारा जिल्ह्याचे हे टोक. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट, भोवती धानाच्या बांध्या. इलेक्ट्रिक गिटार इथे कोणाच्या घरी असलीच तर भिंतीवर. पण लग्नसराईत संध्याकाळी वरात निघाली की मालवाहू गाडीवर रचलेल्या भोंग्यांतून एक तंतुवाद्य असे काही किंचाळते, कण्हते, आळवते की लेस पॉलचे जुने भक्त मान वळवून पाहतील. ते वाद्य म्हणजे बँजो.

नाव चुकीचे आहे. अमेरिकेतला बँजो गोल, कातड्याचा. त्याचा याच्याशी संबंध नाही. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग म्हणजे जपानी टायशोगोतो. नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता याने तो बनवला: लांबट लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. जपानी घरांतले हे सोज्वळ वाद्य भारतात आले, गणपतीच्या मिरवणुकांत शिरले आणि कुणा अज्ञात कारागिराने त्याच्या तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्व नेमके हेच. मुंबई-कोकणातल्या बँजो पार्ट्यांवर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये हिंदी चित्रपट काढला. आमच्याकडे नागपूरची संदल आणि छत्तीसगडची धुमाल यांच्या वळणाने हे वाद्य वाजते. त्यामुळे साथीला ढोलताशांबरोबर इलेक्ट्रॉनिक पॅडही असतो आणि आवाजाची पट्टी सदैव चढलेली.

जनरेटरची घरघर, पॅडचा धडाका, फटाके आणि नाचणाऱ्यांचा कल्ला यांतून बँजोचा स्वर वेगळा उठून यायला हवा. म्हणून वादक त्याला इफेक्ट प्रोसेसर जोडतो. ही पायाजवळ ठेवायची छोटी पेटी खरे तर गिटारसाठी बनवलेली. तिच्यात जगातल्या नामांकित ॲम्प्लिफायरांच्या आवाजांच्या नकला क्रमांकांनी साठवलेल्या असतात. म्हणजे सिहोऱ्याच्या नवरदेवापुढे वाजणारे कोळीगीत क्लॅप्टनच्या मार्शलची सावली पांघरून येते, आणि ते वाजवणाऱ्याने क्लॅप्टनचे नाव ऐकलेले असण्याची गरज नाही. आमच्या ओळखीचा एक वादक त्या नकलांना 'बारा नंबर', 'सतरा नंबर' म्हणे. सतरा नंबर त्याला पातळ वाटायचा. मग त्याने गुंड्या फिरवून, तारांची जाडी बदलून, चुंबकाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सारून त्याची उंची कमीजास्त करून दोन लग्नसराया खटपट केली आणि स्वतःचा एक आवाज जमवला. तो त्याने एका रिकाम्या क्रमांकावर साठवून ठेवला. जाड, पण कळेची टकटक न लपवणारा. वरच्या सप्तकात गेल्यावर किंचित रडवेला होणारा.

या खटपटीला आपल्या परंपरेत मानाचे स्थान आहे, फक्त दुसऱ्या गावी. मिरजेच्या तंतुवाद्यांचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले आणि पिढ्यान्पिढ्या सांभाळले. तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कानसेने घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो, घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवतो. तार घोडीला निसटती शिवत राहिली की एका षड्जातून स्वयंभू स्वरांचा झोत उठतो. क्लॅप्टनने तापवलेल्या व्हॉल्व्हमध्येही तत्त्वतः असेच होते: लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ तारेत ठळक नसलेले वरचे स्वर उजळतात. कानसेने साधा किंवा विजेने साधा, तारेला तिच्या स्वतःच्या आवाजापलीकडे बोलायला लावायचे एवढाच हा उद्योग. फरक सहीचा आहे. मिरजेत वाद्यावर नाव असते ते बनवणाऱ्याचे. गायक कितीही मोठा असो, तानपुरा त्याच्या नावाने ओळखला जात नाही. रॉकच्या बाजारात नाव वाजवणाऱ्याचे. दोन्ही रिवाज आम्हाला समजतात. सिहोऱ्यातल्या गाडीवर मात्र रंगवलेले असते ते मालकाच्या पार्टीचे नाव, खाली भ्रमणध्वनी क्रमांक आणि भोवती विजेच्या माळा. आवाज घडवणारा यात कुठेच नाही.

आमच्या त्या वादकाने पुढे पार्टी बदलली. बँजो त्याचा स्वतःचा, तो बरोबर गेला. प्रोसेसर मालकाचा, तो मागे राहिला, आणि त्या रिकाम्या क्रमांकावरचा आवाजही त्यातच राहिला. वर्षभराने एका वरातीत आम्हाला तोच रडवेला स्वर ऐकू आला. ओळखीचा म्हणून गर्दीतून पुढे झालो तर वाजवणारा कोणी विशीतला मुलगा. पेटी तीच, क्रमांक तोच. नादाची जाती कानाला तंतोतंत पटत होती. पण कळ दाबून ठेवून तिच्यावरचा भार हळूच वाढवायचा आणि स्वर जागच्या जागी हलवायचा, ही त्या पहिल्याची लकब त्यात नव्हती. मुलाचे स्वर सरळ येत आणि सरळ थांबत. वाईट वाजवत नव्हता. उलट तालाला तो अधिक पक्का होता, आणि नाचणाऱ्यांची पसंती अर्थातच त्याला होती.

पुढे पहिला वादक भेटला तेव्हा आम्ही त्याला हे सांगितले. त्याने ऐकून घेतले. "आवाज माझाच होय जी," तो म्हणाला, "पन पेटी त्यायची होती." तक्रारीचा सूर नव्हता. दुसऱ्या पेटीत तोच आवाज पुन्हा बसवता येईल का, असे विचारले तर म्हणाला की आकडे त्याने लिहून ठेवलेले नाहीत, आणि ही नवी पेटी वेगळ्या कंपनीची आहे. तिच्यातला सतरा नंबर निराळाच बोलतो. आता वरातींत डीजेला अधिक मागणी आहे आणि त्याची कामे पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. तरी त्या दिवशी त्याच्या बँजोची मागची फळी उघडी होती आणि चुंबकाखालचा रबराचा तुकडा त्याने नुकताच बदललेला होता.